‘सेवा’ या शब्दाविरुद्ध

महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात पाऊल टाकले की माणूस नात्यांच्या गोतावळ्यात शिरतो. फरशी पुसणारी ‘मावशी’ असते, स्ट्रेचर ओढणारे ‘मामा’ असतात, इंजेक्शन देणारी ‘सिस्टर’ असते आणि हल्ली तिच्या जोडीला ‘ब्रदर’ही असतो. या गोतावळ्याबाहेर राहतात ते डॉक्टर. त्यांना कोणी काका म्हणत नाही. ते ‘सर’ किंवा ‘साहेब’ असतात. अधिकाराच्या उतरंडीत वरच्या टोकाला पदवी आणि खालच्या टोकाला नाते, ही वाटणी आपल्या भाषेने इतक्या सहजपणे करून टाकली आहे की तिच्याकडे आपले लक्षही जात नाही. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात मराठी शिकवणारी माणसे. शब्दांच्या अशा वाटणीत कोणाचा लाभ होतो आणि कोणाची हानी, हे तपासणे आमच्या कामात येते. परिचारिकांच्या बाबतीत ही हानी उघड दिसण्याजोगी आहे आणि तिच्या मुळाशी ‘सेवा’ हा आपला लाडका शब्द आहे, असे आमचे म्हणणे आहे.

शासनदरबारची पदनामेच पाहा. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. तिन्ही नावे भारदस्त आहेत, परंतु शब्द सोलून पाहिले तर आत काय सापडते? परिचारिका म्हणजे संस्कृतात भोवती वावरणारी, म्हणजेच दासी. सेविकेबद्दल वेगळे सांगायला नको. ज्या कामासाठी तीन-चार वर्षांचे शास्त्रीय शिक्षण, परीक्षा आणि परिषदेची नोंदणी लागते त्या कामाच्या तिन्ही पायऱ्यांना आपण दासीपणाचीच नावे दिली आणि त्यांना उपसर्गांचे दागिने घातले.

यामागे जुनी परंपरा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचर आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुणही दिले आहेत. वैद्याचे गुण म्हणजे शास्त्राचे निर्मळ ज्ञान, विपुल अनुभव, दक्षता आणि शुचिता. परिचराचे गुण म्हणजे उपचारांचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि अनुराग. दोन याद्या शेजारी ठेवल्या की फरक कळतो. त्याच अध्यायाच्या शेवटी वैद्याच्या वृत्तीचे वर्णन करताना मैत्री आणि कारुण्य येते, हे खरे. परंतु पात्रतेच्या यादीत प्रेमाची अट आहे ती फक्त परिचराला. ज्ञान वैद्याने मिळवायचे, कौशल्य दोघांनी कमवायचे आणि जीव मात्र परिचराने लावायचा. चरकाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. उलट, आजचे व्यवस्थापनशास्त्र जे कबूल करायला कचरते ते त्या ग्रंथाने स्वच्छ लिहून ठेवले आहे : अनुराग ही या कामाची अट आहे. मग जी गोष्ट कामाची अट आहे ती कामाच्या हिशेबात का धरली जात नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला समाजशास्त्राने १९८३ मध्ये नाव दिले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी ‘द मॅनेज्ड हार्ट’ या ग्रंथात विमानातील सेविका आणि थकबाकी वसूल करणारे कर्मचारी यांचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. वेतनाच्या बदल्यात स्वतःच्या भावना दाबणे, घडवणे आणि मालकाला हव्या त्या रूपात चेहऱ्यावर आणणे हेही श्रमच आहेत. ते कधी वरवरच्या अभिनयाने केले जातात, तर कधी ती भावना खरोखर मनात उतरवून. १९९२ मध्ये पॅम स्मिथ यांनी हाच विचार परिचर्येला लावून पाहिला. मराठीला ही संकल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मन मारणे, मनावर दगड ठेवणे, गिळून बसणे, जीव लावणे, तोंड देणे, असे किती वाक्प्रचार आपल्याकडे आहेत! हे सगळे श्रमवाचक आहेत. परंतु ते घरातल्या बाईच्या तोंडी रुळलेले असल्यामुळे त्यांचा स्वभावात समावेश झाला आणि हिशेबातून ते वगळले गेले. घरातल्या बाईच्या राबण्याचे जे झाले तेच रुग्णालयातल्या बाईच्या वागण्याचे झाले.

या श्रमांचे स्वरूप काय असते, हे समजून घ्यायला आमच्या जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा झालेले शेकडो शेतकरी आणि शेतमजूर रुग्णालयांत दाखल झाले. मोठा भार यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयावर पडला. जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. पुढे विशेष तपास पथक नेमले गेले, विक्रेते आणि कंपन्या चर्चेत आल्या, २०२० नंतर प्रकरण स्वित्झर्लंडमधील न्यायालयापर्यंत पोहोचले. हे सारे आवश्यकच होते. परंतु त्या काळात आम्ही जे जे वाचले त्यात वॉर्डातली परिचारिका औषधाच्या बाटलीइतकीच निमूट होती.

ती काय करत होती? सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत ॲट्रोपिन देतात. मात्रा कमी पडली तर छातीत स्राव साचून रुग्ण गुदमरतो. जास्त झाली तर त्याला भ्रम होतो; तो हातपाय झाडतो, सलाइन उपटतो, आपल्याच माणसांना ओळखत नाही, प्रसंगी त्याला खाटेला बांधावे लागते. म्हणजे बाहुली, नाडी, घाम, छातीतली घरघर यांच्याकडे सतत डोळा ठेवून मात्रा सांभाळावी लागते. डॉक्टर ठरवून देतात, परंतु रात्री तीन वाजता खाटेपाशी असते ती परिचारिका. हा झाला कामाचा लिहून ठेवता येणारा भाग. आता न लिहिला जाणारा भाग पाहा. खाटेला बांधलेल्या माणसाची बायको शेजारी उभी असते. तिला ते बांधणे क्रूरपणाचे वाटते. ती विचारते, “वाचते ना वं बाई माहा मानूस?” ‘हो’ म्हणणे खोटे ठरू शकते. ‘नाही’ म्हणणे अशक्य असते. ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणावे तर डॉक्टर सकाळी येणार. त्या बाईला कोसळू न देता, खोटी आशा न दाखवता, तिला पाणी प्यायला लावून, दारापाशी जमलेल्या गावकऱ्यांचा राग वाढू न देता परिचारिकेला पुढच्या खाटेकडे जायचे असते. पुढच्या खाटेवर कदाचित कोलामी किंवा गोरमाटी बोलणारी म्हातारी असते. तिला मराठीतला धीर पोहोचत नाही. तिच्यासाठी हातवाऱ्यांची भाषा घडवावी लागते. आणि मघाचा रुग्ण गेलाच तर नळ्या काढणे, देह स्वच्छ करणे, कागद पुरे करणे, नातेवाइकांच्या हवाली करणे आणि चादर बदलून नव्या रुग्णाला त्याच खाटेवर घेणे हे सारे तिचेच काम. नव्या रुग्णासाठी चेहराही नवा लागतो. आमच्या जिल्ह्यात ही एका वर्षाची आपत्ती नव्हे. विषाचे रुग्ण येथे दर हंगामात येतात. काही फवारणीने आलेले असतात, काही कर्जाने.

या चेहरा बदलण्याला रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही.

रकाना नसण्याचे समर्थन ‘सेवा’ हा शब्द करतो. दर वर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी, दीपप्रज्वलन होते, शपथ घेतली जाते, गुलाबाची फुले वाटली जातात आणि ‘ममतेची मूर्ती’, ‘पांढऱ्या वेशातील देवदूत’ अशी विशेषणे सभागृहात उधळली जातात. नाइटिंगेलबाईंचा एवढा विपर्यास दुसऱ्या कोणी केला नसेल. क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर या बाईने सरकारपुढे मृत्यूंचे तक्ते आणि आकृत्या मांडल्या. सैनिक जखमांपेक्षा घाणीने आणि साथीने अधिक मेले, हे आकड्यांनी सिद्ध केले आणि व्यवस्था बदलण्यासाठी मंत्र्यांना भंडावून सोडले. आपण तिच्या हातातला दिवा घेतला आणि आकडे टाकून दिले. कारण दिव्याने काही खर्च येत नाही.

‘सेवा’ या शब्दाने एके काळी मोठे काम केले, हे आम्ही विसरत नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या आरंभी विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. परक्या पुरुषाच्या देहाला हात लावणे, रक्त-मलमूत्र साफ करणे, रात्री घराबाहेर राहणे, यांतली एकेक गोष्ट त्या काळच्या उच्चवर्णीय समाजात बाईला बदनाम करायला पुरेशी होती. विटाळाच्या कल्पनेने बरबटलेल्या समाजात त्या बायकांना घराचा उंबरा ओलांडायचा होता आणि ‘सेवा’ हा शब्द त्यांनी ढालीसारखा वापरला. सावित्रीबाई फुले १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्याच रोगाने गेल्या. ते बलिदान एका चळवळीच्या आयुष्यभराच्या निश्चयातून आले होते. त्यांचे नाव घेऊन आज महिन्याच्या पगारावर तीन पाळ्यांत राबणाऱ्या मुलीला ‘तू मागण्या कसल्या करतेस?’ असे विचारणे हा सावित्रीबाईंचाही अवमान आहे. ज्या बाईने आयुष्यभर व्यवस्थेला प्रश्न विचारले तिचा फोटो प्रश्न विचारणाऱ्यांना गप्प करायला वापरला जातो.

ढाल म्हणून घेतलेला शब्द पुढे बेडी झाला. त्याची खूण ओळखणे सोपे आहे : जिथे ‘सेवा’ येते तिथून ‘वेतन’ निघून जाते. अंगणवाडीत ‘सेविका’ असते; तिला ‘मानधन’ मिळते. गावात आशा ‘स्वयंसेविका’ असते. तिला ‘मोबदला’ मिळतो. महाराष्ट्राने २००० मध्ये नव्या शिक्षकांना ‘शिक्षणसेवक’ केले तेव्हा त्यांच्याही पदरात तुटपुंजे मानधनच पडले. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. आमच्या व्यवसायातही ‘ज्ञानदान’ हा शब्द याच कामी येतो. कायम झालेला प्राध्यापक वेतन आयोगाचा फरक मोजून घेतो आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या सहकाऱ्याला ज्ञानदानाचे पुण्य सांगतो. दान नेहमी दुसऱ्यानेच करायचे असते.

परिचारिकांचे आकडे पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका असावी. शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव संख्या. वाचकांनी आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या एखाद्या वॉर्डात रात्री जाऊन खाटा आणि परिचारिका मोजाव्यात. खाटांखाली आणि खाटांमधल्या जागेत झोपलेले रुग्णही मोजावेत. खाजगी क्षेत्रातील परिचारिकांच्या शोषणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा २०१६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने केंद्राने समिती नेमली. त्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपये आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन असावे, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. पदवीनंतर काही जमत नाही म्हणून आमच्या वर्गांतून परिचर्येच्या शिक्षणाकडे वळलेल्या मुली आज लहान शहरांच्या खाजगी दवाखान्यांत काय पगार घेतात, हे आम्हाला ठाऊक आहे. तो आकडा या शिफारशीच्या जवळपासही नसतो.

आणि ही माणसे संपावर गेली की काय होते? २०२२ च्या मे महिन्यात बाह्यस्रोताने भरतीविरुद्ध, २०२५ च्या जुलैमध्ये वेतनत्रुटी आणि कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातील परिचारिका संपावर उतरल्या. वर्तमानपत्री मराठीत अशा वेळी एक मथळा तयारच असतो : ‘रुग्ण वेठीस’. वेठ म्हणजे बिनमोल सक्तीचे काम. जिच्याकडून दोन माणसांचे काम एका पगारात करून घेतले जाते, जिची रजा ‘माणूस नाही’ म्हणून नाकारली जाते, तिने एक दिवस हात थांबवला की वेठीचा आरोप तिच्यावरच! २२ मार्च २०२० रोजी आपण थाळ्या वाजवल्या आणि ३ मे २०२० रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुले टाकली गेली. त्या साथीत कंत्राटावर घेतलेल्या अनेक परिचारिकांना साथ ओसरताच निरोप दिला गेला. निरोपाच्या दिवशी थाळ्या वाजल्या नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सरकारी रुग्णालयातल्या सिस्टर खेकसतात, बाळंतिणीला घालूनपाडून बोलतात, गरिबाला हाकलतात. त्यांच्या भावनिक श्रमांचे काय कौतुक सांगता? हा आक्षेप आम्ही झटकत नाही. खेकसणे खरे आहे. आणि ते सर्वांत जास्त सोसतात ते कोलाम, पारधी, बंजारा आणि भूमिहीन दलित, ज्यांना तक्रार लिहिता येत नाही. त्यात जातीचा आणि वर्गाचा माज असतो तिथे तो ठेचलाच पाहिजे. परंतु नुसत्या उपदेशाने तो कधी गेला आहे काय? इझाबेल मेन्झीज यांनी १९६० च्या सुमारास लंडनमधील एका रुग्णालयाच्या अभ्यासातून दाखवले की मृत्यू आणि वेदना यांच्या सततच्या सान्निध्यातून येणारी भीती झेलण्यासाठी रुग्णालयाची व्यवस्थाच माणसाला तोडून टाकते. रुग्णाचे नाव जाते, खाटेचा नंबर राहतो. परिचारिकेला माणूस मिळत नाही, कामांची यादी मिळते. आपल्याकडे ‘चौदा नंबरचे नातेवाईक कोण?’ ही हाक ऐकली नाही असा माणूस विरळा. त्या नंबरामागे निर्दयपणा असतो त्याहून अधिक बचाव असतो. जीव लावलेली माणसे रोज मरत असतील तर जीव न लावण्याचे कसब माणूस शिकतोच. अनुरागाची विहीर आटते ती उपशाने. दरवर्षी तिच्या काठावर भाषण केल्याने पाणी वाढत नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मायेला श्रम म्हटले, तिचा मोबदला मागितला, की माया बाजारू होते. हा युक्तिवाद आम्ही मायेचा उपभोग घेणाऱ्यांच्याच तोंडून ऐकला आहे. कवीला मानधन दिल्याने कविता खोटी होत नाही. शल्यविशारदाने शुल्क घेतल्याने त्याचा हात थरथरत नाही. मग परिचारिकेच्या मायेलाच पैशाचा विटाळ कसा होतो? शिवाय आमची मागणी केवळ पैशाची नाही. भावनिक श्रम हे श्रम आहेत असे मानले, की इतर कष्टांप्रमाणे त्यांनाही विश्रांती, अवजारे, सहकार्य आणि अपघातातले संरक्षण लागते, हे मान्य करावे लागते. खरी अडचण तिथे आहे.

मराठी बायकांना हे फार पूर्वी कळले होते. पहाटे जात्यावर दोघी-तिघी बसत. दळण व्हायचे आणि ओवीतून सासरचे दुःख, मेलेल्या मुलाचे दुःख, माहेराची आठवण बाहेर पडायची. ते कामाच्या जागीच मिळणारे सहकाऱ्याचे पाठबळ होते. ऐकणारी बाई त्याच जात्याला हात लावून बसलेली असे. तिला समजावून सांगावे लागत नसे. वॉर्डातल्या परिचारिकेला हे जाते नाही. पाळी बदलताना ‘ओव्हर’ दिला जातो, त्यात सलाइन किती उरले ते सांगितले जाते. मघाशी गेलेल्या मुलाची आई कशी रडली, हे सांगायला जागा नसते. पॅम स्मिथ यांच्या अभ्यासातून एक साधी गोष्ट निघाली : वॉर्डाची प्रमुख जिथे आपल्या परिचारिकांची विचारपूस करते तिथे परिचारिका रुग्णांची विचारपूस करू शकतात. बोस्टनमध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेलेल्या केनेथ श्वार्ट्झ या वकिलाच्या नावाने १९९५ मध्ये उभ्या राहिलेल्या केंद्राने रुग्णालयातल्या सर्व थरांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून केवळ कामाच्या भावनिक बाजूवर बोलायच्या बैठका सुरू केल्या. पुढे त्या ब्रिटनमध्येही गेल्या. आपल्याकडे त्याऐवजी ‘ताणतणाव व्यवस्थापन’ नावाचे दोन तासांचे व्याख्यान ठेवतात आणि नाइट करून आलेल्या परिचारिकांना झोप मोडून त्याला बसवतात. सकारात्मक विचार करा, प्राणायाम करा, हसतमुख राहा! म्हणजे कमी माणसांनी जास्त काम करण्याचा जो ताण आहे, तो दूर करायची जबाबदारीही तिचीच.

पाठबळ म्हणजे काय, याचे आपल्याच राज्यातले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याचा अर्थ आपण चुकीचा लावला आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर रुग्णालयाच्याच एका सफाई कर्मचाऱ्याने पाशवी हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे, त्या रुग्णालयातल्या परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या परिचारिकांचा गौरव केला आणि अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा हक्क त्यांना व रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना आहे, असे मानले. आपण ही कथा त्यागाची म्हणून सांगतो. आम्हाला ती संघटनेची कथा वाटते. हल्ल्यानंतर परिचारिकांनी कामाच्या चांगल्या परिस्थितीसाठी संप केला होता. पुढे महापालिकेने अरुणाताईंना तेथून हलवण्याचा घाट घातला तेव्हा त्या पुन्हा उभ्या ठाकल्या आणि प्रशासनाला मागे हटावे लागले. एकटी बाई ४२ वर्षे माया करू शकत नाही. पाळ्या लावलेल्या, एकमेकींना सुटी देणाऱ्या, हक्काची खोली राखून ठेवणाऱ्या बायका ते करू शकतात.

आणि त्या कथेचा आरंभ कुठे झाला? कपडे बदलायला सुरक्षित जागा नसल्यामुळे एक परिचारिका तळघरात गेली होती, तिथे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टर स्त्रीची हत्या झाली तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अरुणा शानबाग यांचे नाव पुन्हा उच्चारले गेले आणि पुन्हा विश्रांतीच्या खोलीचीच चर्चा झाली. मधली एक्कावन्न वर्षे आपण दिवे लावत होतो.

सेवेच्या गौरवाची खरी किंमत मात्र अपघाताच्या दिवशी कळते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात आग लागून दहा बालके गेली. अग्निसुरक्षेतील त्रुटी उघड झाल्या, वरिष्ठांवर निलंबनाची आणि बदलीची कारवाई झाली. पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकारी बाईंना आणि तीन परिचारिकांना. आदल्या वर्षी ज्यांच्यावर फुले टाकली त्यांच्याच हातात पुढच्या वर्षी बेड्या! चूक झाली असेल तर चौकशी व्हावी आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षाही व्हावी. आमच्याच जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात ३१ जानेवारी २०२१ रोजी बारा बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. ती चूक चूकच होती. परंतु सॅनिटायझरची बाटली लसीशेजारी कशी आली आणि अग्निशमनाची व्यवस्था का नव्हती, हे प्रश्न तळाच्या माणसाच्या निलंबनाने सुटत नाहीत, मिटवले जातात. डॉक्टरांना सरसकट अटक करू नये, आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितले. परिचारिकेला हेच संरक्षण का नसावे? देवदूत म्हणून गौरवलेल्या माणसाला चूक करण्याची मुभा नसते. देवत्व देण्यामागचा हा छुपा करार ओळखला पाहिजे.

आता आमच्या घराकडे, म्हणजे साहित्याकडे येऊ. १९६९ चा ‘खामोशी’ हा हिंदी चित्रपट अनेकांच्या स्मरणात असेल. आशुतोष मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथेवरून असित सेन यांनी तो आधी बंगालीत आणि मग हिंदीत केला. मनोरुग्णाला बरे करण्यासाठी त्याच्यावर प्रेम करण्याचा अभिनय परिचारिकेने करावा, हा डॉक्टरांचा प्रयोग. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो, दुसराही बरा होतो. परिचारिका राधा मात्र त्याच मनोरुग्णालयाची रुग्ण होऊन बसते. हॉकशील्ड यांच्या ग्रंथाआधी चौदा वर्षे भावनिक श्रमांचा सारा प्रश्न या कथेने मांडला होता. प्रेक्षकांनी तो विफल प्रेमाची कहाणी म्हणून पाहिला आणि डोळे पुसले. प्रयोगाला परवानगी देणाऱ्या संस्थेकडे कोणी बोट दाखवले नाही.

मराठीचे काय? डॉक्टरांची आत्मकथने आपल्याकडे आवडीने वाचली जातात. रुग्णांच्या आजारपणाच्या कहाण्यांनी दिवाळी अंक भरतात. परिचारिकेने स्वतः लिहिलेले पुस्तक शोधायला मात्र ग्रंथालयाची कपाटे धुंडाळावी लागतात. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेण्याच्या नामुष्कीनंतर उद्घाटनाचा मान शेतकऱ्याच्या पत्नीला, वैशाली येडे यांना मिळाला आणि त्यांच्या बोलण्याने भल्याभल्यांना अंतर्मुख केले. विधवेच्या दुःखाला व्यासपीठ मिळाले, हे योग्यच झाले. परंतु त्याच शहरात शेतकऱ्याच्या शेवटच्या रात्री त्याच्या उशाशी उभी असलेली बाई आमच्या कथेत, कवितेत, समीक्षेत कुठे आहे? ज्यांनी सोसले त्यांनीच लिहावे, हे दलित आत्मकथनांनी आपल्याला शिकवले. लिहायला मात्र थोडी झोप, थोडी सवड आणि नोकरी जाणार नाही एवढी खात्री लागते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या, गद्य आणि खर्चिक आहेत. मंजूर पदे कायमस्वरूपी भरा. कडी लागणारी विश्रांतीची खोली आणि रात्री घरी पोहोचवणारे वाहन द्या. वॉर्डात मृत्यू झाला की त्या परिचारिकेला पंधरा मिनिटे मोकळी करा आणि त्या वेळी दुसरी जागेवर असेल अशी ड्यूटी लिस्ट लावा. महिन्यातून एकदा कामाच्या वेळेत, कामाचा भाग म्हणून, परिचारिकांना एकमेकींशी बोलायला बसवा आणि त्या बैठकीत साहेब नसू द्या. समुपदेशक द्यायचा तर असा द्या, ज्याच्याशी बोललेले गोपनीय अहवालात उतरत नाही. अपघात झाला तर यंत्रणेची चौकशी आधी करा, तळाच्या माणसाला अटक सर्वांत शेवटी.

आणि आमच्या व्यवसायबंधूंना एक विनंती. आपल्या महाविद्यालयांत मे महिन्याच्या आगेमागे निबंधस्पर्धा होतात आणि ‘परिचारिका : सेवेचे मूर्तिमंत रूप’ हा विषय कोणी ना कोणी सुचवतोच. यंदा तो फळ्यावर लिहू नये. मुलांना एका वॉर्डात पाठवावे, खाटा मोजायला सांगावे, परिचारिका मोजायला सांगावे आणि जे दिसले ते विशेषणे न वापरता दोन पानांत लिहून आणायला सांगावे. त्या दोन पानांत ‘सेवा’ हा शब्द ज्याला वापरावा लागणार नाही, त्याला आम्ही पहिला क्रमांक देऊ.